अनामिकेचं सोंग

आमच्या भागात लोक मला सोंगाडी म्हणतात, आणि मला त्याचा राग नाही. उलट कुणी म्हणालं नाही, तर मीच आठवण करून देते. मुळशीच्या अलीकडे आमचं गाव. घरची भाताची खाचरं आहेत आणि घरामागच्या तीन खोल्या आम्ही शनिवार-रविवारी पुण्याच्या पाहुण्यांना देतो. स्वयंपाक माझा आणि माझ्या धाकट्या जावेचा. पाहुण्यांना पिठलं-भाकरी लागते, चुलीवरचा रस्सा लागतो आणि रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर मी लागते. जमीन बघायला आलेल्या दलालाचा बूट चिखलात राहिला की तो हसतो कसा, पुण्याची बाई ठेच्याकडे बोट दाखवून "हे फार तिखट नाही ना हो?" असं विचारत विचारत अर्धी वाटी संपवते कशी, असली सोंगं मी करते. हळदीला, बारशाला मला मुद्दाम बोलावणं येतं.

अशाच एका हळदीत मी अंगात आलेल्या बाईची नक्कल केली. केस सोडले, डोळे फिरवले, घुमले. ती इतकी साधली, की नवरदेवाची आत्या उठली, तिनं माझ्यापुढे नारळ फोडला आणि हात जोडून विचारलं, "आई, माज्या सुनंला मूल कदी व्हईल?" आता भर प्रयोगात कोण थांबतं? मी म्हटलं, "पुढल्या आवणीला." दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यासारखं तोंड करून मी तिला खरं सांगितलं, पण तिला ते पटलं नाही. आणि पुढल्या आवणीला तिच्या सुनेला मुलगा झाला.

हा नारळ मला फार भोवला. कारण त्यानंतर दोन पावसाळ्यांनी माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेत दुखणं आलं. तेव्हा माझ्यावर कुणी विश्वास ठेवायचा?

आवणी म्हणजे भाताची लावणी. रोपं उपटायची, जुड्या बांधायच्या आणि पोटरीभर चिखलात वाकून एकेक रोप रोवत मागे मागे सरकायचं. आमच्याकडचं पाणी डोंगरावरून येतं, ते थंडगार असतं. त्या दिवशी मी हात पाण्यात घातला आणि नखाखाली कुणीतरी तापवलेलं दाभण खुपसलं. मी किंचाळले. बांधावरचे बगळे उडाले. पलीकडच्या खाचरातल्या बाया ताठ उभ्या राहिल्या. शेजारी वाकलेली माझी जाऊ मान वर न करता म्हणाली, "आता ह्यो कुणाचा आवाज काडला, ताई?"

सगळ्या हसल्या. एकीनं तर चिखलाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

मी बोट धुऊन पाहिलं. काटा नाही, सूज नाही, रक्त नाही. नखाच्या तळाशी जरासा निळसर डाग होता, तोही नीट पाहिलं तर दिसेल न दिसेल असा. हाताला ऊब मिळाल्यावर कळ थांबली. मी पुन्हा वाकले, हात पाण्यात घातला, पुन्हा किंचाळले. यावेळी टाळ्या आल्या नाहीत. एकच नक्कल लागोपाठ दोनदा केलेली कुणाला आवडत नाही.

घरी आल्यावर जावेनं निदान केलं, "नखुरडं हाय." नखुरडं म्हणजे नखाच्या कडेला होणारं पिकणं. त्यावर आमच्याकडे एकच उपाय आहे. लिंबाला भोक पाडायचं आणि त्याची टोपी बोटाला घालायची. जाऊ धावत घरात गेली आणि लिंबू घेऊन आली. फ्रीजमधलं. गारेगार. तिनं ते माझ्या बोटावर दाबून बसवलं. पुढे काय झालं ते मी लिहीत नाही, लिंबू मात्र गोठ्याच्या पत्र्यावर सापडलं.

"चांगलं करायला गेलं की हे आसं," जाऊ म्हणाली.

नखुरडं आठ दिवसांत पिकतं, फुटतं, बरं होतं. माझं पिकलं नाही, फुटलं नाही. पावसाळा सरला, दिवाळी झाली, थंडी पडली, आणि मग तर विचारूच नका. फ्रीजमधली बाटली धरली की कळ. पहाटे नळाखाली तांदूळ धुतले की कळ. गोधडीची शिवण त्या नखाला लागली, पोलक्याचं हुक लावताना बोट अडलं, कुणी प्रेमानं हात हातात घेतला, तरी कळ. अशी कळ, की ती खांद्यापर्यंत जायची आणि डोळ्यांत पाणी आणून परत यायची. आणि पाच मिनिटांनी काहीच नाही. मी आपली हसत भाकऱ्या थापतेय. बघणाऱ्यानं काय समजायचं?

मग डॉक्टर सुरू झाले. पौडला झाले, पिरंगुटला झाले, एक डॉक्टर कासार आंबोली गावात कुणाच्या तरी बंगल्यावर सुट्टीला आलेले होते, त्यांनाही मी गाठलं. बोटाचा एक्स-रे काढला, मग हाताचा, मग मानेचा. प्रत्येक जण फिल्म उजेडाला धरायचा, डोळे बारीक करायचा आणि तेच दोन शब्द म्हणायचा, "काही नाही."

त्या दोन शब्दांचा मला जितका संताप आला तितका आयुष्यात कशाचा आला नाही. काही नाही म्हणजे काय? तुम्हाला दिसत नाही असं म्हणा! मला समजत नाही असं म्हणा! एकानं मानेची नस दबली म्हणून पट्टा दिला. तो गळ्यात घालून मी महिनाभर बैलासारखी समोरच बघत फिरले. एकानं ताकदीची इंजेक्शनं दिली. एकानं माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का यांना?" आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. झोप छान लागली. सकाळी उठून तांदूळ धुतले आणि किंचाळले. त्यांच्यापैकी एकानंही इतकं साधं विचारलं नाही, की बाई, गार पाण्यानं जास्त दुखतं का? आणि मी सांगायला लागले की समोरच्याची मान डुलायची, नजर दाराकडे जायची, पुढच्या पेशंटला हाक जायची.

दरवेळी मोटारसायकलवरून परत येताना माझा नवरा म्हणायचा, "काई न्हाई म्हनत्यात ना? मग चांगलंच हाय की."

"मग दुखतंय ते काय?"

"आता ते मी कसं सांगू? बोट तुजं."

हा माणूस चांगला आहे. त्यानं मला सात वर्षांत जितके दवाखाने दाखवले तितकी देवळंही दाखवली नसतील. पण त्यालाही मनातून वाटत होतं, की कागदावर काही नाही म्हणजे बोटातही काही नाही.

खरा घोळ घरात होत होता. आवणीत मी बांधावर बसून जुड्या बांधायची आणि चिखलात जाऊ एकटी. पाहुण्यांनी बर्फ मागितला तर ती उठायची. हिवाळ्यातली पहाटेची भांडी तिचीच. ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, कामाला वाघीण आणि तोंडानं फटकळ. पहिली दोन वर्षं चेष्टा होती. "ताई, आज बोटाला सुट्टी हाय का?" मग चेष्टा आटली. त्यानंतर ती माझ्याशी बोलताना माझ्या बोटाकडे बघायची, तोंडाकडे नाही. आणि सातव्या वर्षी, एका रविवारी पंचवीस माणसं जेवून गेल्यावर, ती भांड्यांच्या ढिगापाशी उभी राहिली आणि मोठ्यानं ओरडली नाही, हळू बोलली. तेच वाईट होतं.

"ताई, मी काय म्हन्ते, औंदाच्या दिवाळीनंतर चूल येगळी करू. तुमी तुमच्या, आमी आमच्या."

"माझ्या बोटामुळे?"

"बोटाचं मी काई बोलत न्हाई. पन तुमी अंगात आनून नारळ फोडून घेतलाया. लोकं फसली. मी कशाला फसू?"

मला उत्तर सुचलं नाही. मला! मला, जिला तलाठ्याच्या तोंडावर तलाठी करून दाखवता येतो. तिचं बरोबर होतं, हाच तर त्रास होता. माझ्या हातात सगळी सोंगं होती, पण खऱ्या दुखण्यासाठी वेगळा आवाज मी राखून ठेवलाच नव्हता. मी सतरा वर्षं या बाईबरोबर एका चुलीवर रांधलं होतं. तिच्या दोन्ही बाळंतपणांत तिच्या डोक्यावर तेल मी घातलं होतं. आणि आता तिला मी खोटी वाटत होते. बोट तुटलं असतं तरी चाललं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं. तुटलेलं निदान दिसलं तरी असतं.

भात कापणीला आलं तेव्हा विळा जावेच्या अंगठ्यावर बसला. खोल बसला. अंगठा वाकेना. पौडच्या डॉक्टरांनी टाके न घालता सरळ बावधनला एका हाताच्या सर्जनकडे पाठवलं. मला तर तोवर माहीतही नव्हतं की नुसत्या हाताचा वेगळा डॉक्टर असतो. बाई होत्या, तरुण, केस आखूड, बोलणं थोडं. त्यांनी जावेच्या अंगठ्याची तुटलेली शीर जोडली आणि पुढचे काही आठवडे दर बुधवारी बोलावलं. पुरुष मंडळी झोडपणीत, म्हणून सोबतीला मी. बसमध्ये आम्ही दोघी शेजारी बसायचो आणि खिडकीतून वेगवेगळ्या बाजूंना बघायचो. चूल वेगळी व्हायला तीन आठवडे उरले होते.

तिसऱ्या बुधवारी डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली. व्यायाम करून घेतल्यावर अंगठा दुखला, म्हणून त्यांनी बर्फाची पिशवी मागवली आणि सहज माझ्या हातात दिली. "ही जरा धरा."

मी धरली. आणि किंचाळले. पिशवी एकीकडे, मी एकीकडे. बाहेर बसलेल्या पेशंटांपैकी दोघं उठून दारात आले.

जाऊ शरमेनं लाल झाली. "आवो ताई! आता माज्या दुखन्यातबी तुमचं सोंग?" मग डॉक्टरबाईंना म्हणाली, "मॅडम, तुमी लक्ष देऊ नका. ह्यांची सवयच हाय. सात वरसं चाललंय."

डॉक्टरबाईंनी मात्र लक्ष दिलं. त्या जावेचा अंगठा सोडून माझ्याकडे वळल्या. "गार लागलं की होतं?"

सात वर्षं! सात वर्षं मी त्या एका प्रश्नाची वाट बघत होते, आणि तो आला. मी नुसती मान हलवली.

"एकाच ठिकाणी? बोट ठेवून दाखवता येईल?"

"बोट ठेवलं तर मी मरेन."

त्या हसल्या. त्यांनी टेबलावरची मोठी डोक्याची टाचणी उचलली. टोकाची बाजू नाही, डोक्याची. "डोळे मिटा. मी नखावर वेगवेगळ्या जागी हळूच दाबते."

"मी दाबू का?" जाऊ म्हणाली. तिचा उजवा अंगठा पट्टीत होता, डावा हात मोकळा होता. तिच्या आवाजात धार होती. डॉक्टरबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काय मनात आलं कोण जाणे, टाचणी तिच्या हातात दिली.

जावेनं माझाच पदर माझ्या डोळ्यांवरून ओढून घट्ट धरायला लावला. आंधळी कोशिंबीर. नखाच्या टोकाशी दाबलं. काही नाही. डावीकडे. काही नाही. उजवीकडे. काही नाही. मग तिनं लबाडी केली. शेजारच्या बोटावरच दाबलं आणि म्हणाली, "आता?" मी म्हटलं, "हे मधलं बोट आहे गं, भवाने." आणि मग टाचणी नखाच्या तळाशी, त्या निळसर डागावर आली. मी अशी ओरडले की दारातली माणसं पुन्हा आली.

तिनं चार वेळा फिरवून फिरवून पाहिलं. चारही वेळा मी त्याच एका मोहरीएवढ्या जागेवर ओरडले. तरी ती हरली नव्हती.

आता डॉक्टरबाईंनी माझा हात थोडा वेळ उंच धरायला लावला आणि दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून खूप फुगवला. हात पांढरा पडला. "आता दाबा," त्या म्हणाल्या.

जावेनं दाबलं. तिथंच. अगदी तिथंच. मला टाचणी लागली, पण कळ आलीच नाही. मी पदर काढून बघतच राहिले.

"सापडलं!" जाऊ खुर्चीतून उठली. "बगा मॅडम, आता कशी गप हाय! पट्टा बांदला तशी इसरली! सोंगच हाय, मी सांगत हुते!"

माझंच बोट, भर साक्षीत, माझ्यावर उलटलं होतं.

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "उलट आहे. हाच पुरावा. रक्त थांबवलं की कळ थांबते, असं फारच थोड्या दुखण्यांत होतं. आणि हे यांना ठाऊक नव्हतं."

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी जावेला म्हटलं, "अगं ए, मी सोंग करत असते तर आत्ता दुप्पट ओरडले असते! तू दाबतेस, डॉक्टर बघतायत, दारात माणसं उभी. एवढी टाळीची जागा मी सोडेन का?"

जाऊ उभीच राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं. सतरा वर्षं ती माझी सोंगं बघत आली होती. मी टाळीची जागा सोडत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरबाईंनी पट्ट्यातली हवा सोडली, रक्त हातात परत आलं, आणि त्याबरोबर ठणकाही परत आला. मी दात आवळले. ओरडले नाही. जाऊ खाली बसली.

डॉक्टरबाईंनी सांगितलं ते असं. बोटांच्या टोकाशी, बारीक रक्तवाहिन्यांवर, थंडी-उष्णता बघून रक्त कमी-जास्त सोडणारे बारीक बारीक गोळे असतात. मला लगेच आमच्या वाडीचा पाणी सोडणारा आठवला, हातात चावी घेऊन फिरणारा. त्यातल्या एका गोळ्याची गाठ झाली होती. चावीवाला फुगून बसला होता. गाठ म्हटल्यावर जावेचा चेहरा उतरला, "तसली गाठ?" "नाही, तसली नाही," त्या म्हणाल्या. "साधी आहे. पसरत नाही. पण सापडायला अवघड, एक्स-रेत बहुतेक दिसत नाही. नाव ग्लोमस ट्यूमर." ग्लोमस! काय नाव आहे! सात वर्षांनी खलनायकाचं नाव कळलं, आणि ते एका गदाधारी राक्षसाला शोभेलसं. आणि राहायला कुठं, तर अनामिकेत, जिला बिचारीला स्वतःला नाव नाही.

परतीच्या बसमध्ये जाऊ पिरंगुटपर्यंत बोलली नाही. मी वाट बघत होते. मला माफी हवी होती, आणि चांगली नाटकी हवी होती, डोळ्यांत पाणी, पायावर डोकं वगैरे. सात वर्षांचा हिशेब होता. मी मनात तिची वाक्यंसुद्धा लिहून ठेवली होती. शेवटी एका वळणावर ती खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली,

"लिंबू मी फ्रीजमदलं दिलं हुतं."

बस्स. एवढंच. मला तिचा इतका राग आला, की मी तिच्या चांगल्या हाताला चिमटा काढला.

एमआरआयमध्ये तो निळसर डाग एकदाचा पांढऱ्या ठिपक्यासारखा उजळून दिसला. शस्त्रक्रियेला माझं बोट बधिर केलं होतं, मी जागीच होते. नख बाजूला केलं आणि काही वेळानं डॉक्टरबाईंनी कापसाच्या पट्टीवर काहीतरी ठेवून मला दाखवलं. भाताच्या गिरणीत तांदूळ तुटून कणी पडते ना, तेवढं. करड्या-गुलाबी रंगाचं. मला रडूच आलं, पण आनंदानं नव्हे. एवढ्याशासाठी? या कणीसाठी मी मानेला पट्टा घातला, झोपेच्या गोळ्या खाल्ल्या, घर फुटायला आलं? निदान सुपारीएवढं तरी असायचं! मी म्हटलं, "मला घरी न्यायची आहे." त्या म्हणाल्या, तपासायला पाठवावी लागते. म्हणजे गावाला दाखवायचा एकुलता एक पुरावा, तोही गेला. रिपोर्ट साधी गाठ म्हणूनच आला. दारात बसलेल्या जावेनं बाटलीत ती पाहिली तेवढंच. आणि गावाला ती गोष्ट सांगायचं काम मग तिनंच उचललं. माझी किंकाळी काढून दाखवते, आणि वाईट काढते. आवाजाची पट्टी चुकते तिची.

दिवाळी आली आणि गेली. चुलीचं कुणी नाव काढलं नाही.

नख हळूहळू आलं, जरासं वाकडं. यंदाच्या आवणीला मी बांधावर बसले नाही. साडी खोचली आणि खाचरात उतरले. डोंगराचं तेच गार पाणी. सगळ्या बाया थांबून माझ्याकडे बघत होत्या. जाऊ पार पलीकडच्या कडेला, तीही कमरेवर हात ठेवून. मी हात पाण्यात घातला. चिखलात मनगटापर्यंत. थांबले.

काहीच नाही. नुसतं गार.

इतकी माणसं बघतायत, एवढी शांतता पसरलीय, आणि मी काही नाही म्हणून रोप लावायला लागू? माझ्याच्यानं होईना. मी डोकं मागे टाकलं आणि छाती फाटेस्तोवर किंचाळले.

बाकीच्या बाया जागच्या हलल्या नाहीत. मला ओळखतात त्या. पण जाऊ धावली. पोटरीभर चिखलातून, हातातल्या जुड्या टाकून, लावलेली रोपं तुडवत, "ताई! ताई! परत आली का वो ती?" करत धावली, मधे एकदा गुडघ्यावर पडली, उठली, आणि माझा हात दोन्ही हातांनी धरून आपल्या पोटाशी ऊब द्यायला दाबला. तेव्हा तिनं माझं तोंड पाहिलं.

नंतर तिनं मला जे म्हटलं ते छापण्यासारखं नाही. हातात आली ती जुडी तिनं माझ्या डोक्यात घातली. तुडवलेली रोपं मला एकटीला पुन्हा लावायला लावली, आणि मी लावली. संध्याकाळपर्यंत ती तणतणत होती, "आता खरं मरत आसला ना, तरी यायची न्हाई मी."

मला माहीत आहे, ती येईल. पण तसं मी अजून तिच्या तोंडून वदवून घेऊ शकलेले नाही.